वेबसाइटचीही पारख करा, बियाण्यासारखी!

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो. मग मोबाइलवर आलेल्या लिंकवर पैसे भरताना एवढी पारख का करीत नाही?

आमच्या भागातील एका शेतकऱ्याने सौर कृषिपंपासाठी अशाच लिंकवर पैसे भरले. योजनेचे नाव, सरकारी चिन्ह, सारे हुबेहूब. पंप काही आला नाही आणि वेबसाइटही गायब! २०१९ साली सुरू झालेल्या कुसुम योजनेच्या नावाने चालणाऱ्या बनावट वेबसाइटबद्दल केंद्र सरकारने वेळोवेळी इशारे दिले आहेत. गळाला आमिष लावून मासा धरावा तसा हा प्रकार. म्हणून याला 'फिशिंग' म्हणतात.

अशा वेबसाइट पकडायला आता संगणकालाच शिकवले जाते. यास 'मशीन लर्निंग' म्हणतात. गुलाबी बोंडअळी ओळखायला नवखा पोरगा कसा शिकतो? पुष्कळ बोंडे फोडून दाखवली की नजर बसते. संगणकाचेही तसेच. २०१५ मध्ये संशोधनासाठी खुल्या झालेल्या एका संचात ११,०५५ वेबसाइटच्या नोंदी आहेत. खरी कोणती, खोटी कोणती, हे त्यात सांगितले असून प्रत्येकीच्या ३० खुणा दिल्या आहेत. पत्ता फार लांब आहे का? नावाच्या जागी नुसते आकडे आहेत का? नावाची नोंदणी अलीकडचीच आहे का? अशा प्रश्नांचे संगणक एक झाड तयार करतो. एकाच झाडावर भिस्त नको म्हणून शेकडो झाडांचा कौल घेतात आणि बहुमताने निकाल देतात. या पद्धतीला 'रँडम फॉरेस्ट' म्हणतात.

मात्र संगणकही चुकतो. ठग रोज नव्या खुणा काढतो, आणि अगदी ताजी वेबसाइट त्याच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून शेवटची राखण आपलीच. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१) पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग वाचावा. पीएम किसानचा पत्ता 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. 'गव्ह डॉट इन' हा शेवट फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतो. मधे कुठे तरी 'गव्ह' आहे म्हणून भुलू नये.

२) कुलपाची खूण दिसली म्हणजे वेबसाइट प्रामाणिक आहे असे नव्हे. वाटेत माहिती कोणी वाचू नये, एवढीच ती सोय. पलीकडे ठगही बसलेला असू शकतो.

३) ओटीपी व पिन कोणालाही सांगू नये.

४) पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड.

गावच्या अधिकाऱ्यांना विनंती, की योजनांचे खरे पत्ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. खडूचा खर्च तो काय? पण एखाद्याचा हंगाम वाचेल.