केबल न ओढता धक्क्यावर इंटरनेट



सोसायटीच्या कार्यालयात इंटरनेट आहे, धक्क्यावरच्या खोलीत नाही. हवामानाचा इशारा बघायला माणूस वर धावतो. मध्ये रस्ता, माडाची बाग. केबल ओढणे परवडत नाही. यावर उपाय म्हणजे वायरलेस ब्रिज.

दोन छोटे अँटेना घ्यायचे. एक कार्यालयाच्या छपरावर, दुसरा धक्क्यावर, तोंडे समोरासमोर. पहिला ॲक्सेस पॉइंट, दुसरा स्टेशन असे सेटिंग. नेटवर्कचे नाव, पासवर्ड दोघांत तोच. आयपी नंबर मात्र वेगळे. मोबाईलना आयपी वाटायचे काम कार्यालयातल्या राउटरलाच ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.

हा प्रकार नवा नाही. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवले; २०१७ साली त्याला मोझिलाचे बक्षीस मिळाले. आपल्याला ५ गिगाहर्ट्झ पुरे. ठरलेल्या शक्तीच्या आत त्याला २०१८ पासून परवाना लागत नाही.

पण समोरचा अँटेना नुसता दिसला म्हणून भागत नाही. १ किलोमीटर अंतराला मध्यावर रेषेच्या चारी बाजूंनी साधारण साडेतीन मीटर मोकळी जागा हवी. मे महिन्यात मोकळी दिसणारी वाट पावसात ओली पाने अडवतात. पाण्यावरून लहर परतते, म्हणून भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळी सिग्नल तपासा. खाऱ्या हवेत स्टेनलेसचे क्लॅम्प वापरा, विजेसाठी अर्थिंग विसरू नका.

ज्यांचे उंच छप्पर धक्क्यावरून आणि कार्यालयातून, दोन्हीकडून दिसते, त्यांनी १ जूनला बंदी लागण्याआधी कार्यालयात येऊन सांगावे.