स्ट्रॅटोकास्टर एकच, मग किमतीत सहापट अंतर कशासाठी?

वाद्यांच्या दुकानात दोन गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. दोन्हींना वरच्या अंगाला दोन शिंगे, मधोमध तीन पिकअप, खाली तीन गोल बटणे आणि पाच जागी फिरणारा एक स्विच. लांबून पाहणाऱ्याला त्या जुळ्या बहिणी वाटाव्यात. फरक असतो तो माथ्यावरच्या नावात आणि किमतीच्या चिठ्ठीत. एकीवर ‘स्क्वायर’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘फेंडर’. दोन्ही नावे एकाच अमेरिकन कंपनीची आणि दोन्ही गिटारी ‘स्ट्रॅटोकास्टर’ याच जातीच्या. तरीही अमेरिकेच्या बाजारात पहिली दोन-तीनशे डॉलरला मिळते, तर कॅलिफोर्नियात तयार झालेल्या दुसरीसाठी दीड हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात.

घरातल्या मुलाने किंवा मुलीने इलेक्ट्रिक गिटार शिकण्याचा हट्ट धरला की पालकांपुढे नेमका हाच पेच उभा राहतो. स्वस्तातली घेतली तर पैसे वाया जातील काय? आणि महागाची घेतली तर वरचे पैसे कशाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना या गिटारीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे वाद्य

स्ट्रॅटोकास्टरचा जनक लिओ फेंडर हा वादक नव्हता. त्याला गिटार वाजवताही येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि वाद्याकडे पाहण्याची त्याची नजरही दुरुस्ती करणाऱ्याचीच होती. त्या काळातील चांगली गिटार म्हणजे पोकळ शरीराची, मान सरसाने कायमची चिकटवलेली, कसबी कारागिराने घडवलेली वस्तू. फेंडरने पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाची फळी घेतली, मान वेगळी बनवली आणि ती चार स्क्रूंनी फळीला जोडली. मान झिजली की स्क्रू काढावेत आणि नवी बसवावी, इतका सरळ हिशेब होता. याच पद्धतीने १९५० साली तयार झालेली गिटार पुढे ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली गेली. १९५४ मध्ये तिच्या पाठोपाठ स्ट्रॅटोकास्टर आली. बरगड्यांना टोचू नये म्हणून तिची पाठ खोलगट केलेली होती आणि सूर हलवण्यासाठी तिला एक दांडी बसवलेली होती.

त्या वेळी तिची किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. महागाईचा हिशेब केला तर ही रक्कम आजच्या सुमारे तीन हजार डॉलरइतकी भरते. म्हणजेच मूळ स्ट्रॅटोकास्टर ही स्वस्त वस्तू नव्हती. मात्र पुढे कधीतरी स्वस्तात बनवता येईल अशी तिची रचना होती. सुटे भाग, यंत्रावर कापता येणारे आकार आणि स्क्रूंची जोडणी या तीन गोष्टींमुळे तिची नक्कल करणेही सोपे झाले.

सुट्या भागांचा हा गुण थोर वादकांनाही उपयोगी पडला. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिल येथील एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना भेट दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ ही गिटार जोडून घेतली. २००४ मध्ये लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली. तिचीही मान आणि पिकअप मधल्या काळात बदलले गेले होते.

नकलेतून जन्मलेले ‘स्क्वायर’

१९६५ मध्ये ‘सीबीएस’ या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्यानंतरच्या दशकात उत्पादन वाढले, पण दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले. नेमक्या याच काळात जपानी कारखान्यांनी जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या हुबेहूब नकला बाजारात आणल्या. त्या स्वस्त होत्या आणि अनेकदा अस्सलपेक्षा नेटक्याही होत्या.

नकलांना तोंड द्यायचे तर आपणच तेथे जाऊन गिटारी बनवाव्यात, असे फेंडरने ठरवले. १९८२ मध्ये जपानी व्यापाऱ्यांच्या भागीदारीत ‘फेंडर जपान’ची स्थापना झाली आणि मात्सुमोतो येथील ‘फुजिगेन’ कारखान्यात उत्पादन सुरू झाले. निर्यातीच्या स्वस्त गिटारींना वेगळे नाव हवे होते. ‘स्क्वायर’ ही तारा बनवणारी जुनी कंपनी फेंडरने १९६५ मध्येच घेतली होती. तिचे नाव कपाटातून बाहेर काढण्यात आले. त्या पहिल्या जपानी स्क्वायर इतक्या चांगल्या निघाल्या की आज संग्राहक त्या शोधत फिरतात.

१९८५ मध्ये कंपनीचे अधिकारी आणि काही गुंतवणूकदारांनी मिळून सव्वा कोटी डॉलरला फेंडर सोडवून घेतली. या व्यवहारात जुना कारखाना मिळाला नाही. त्यामुळे काही काळ फेंडरची मुख्य भिस्त जपानी उत्पादनावरच होती. पुढे कॅलिफोर्नियात कोरोना येथे नवा कारखाना उभा राहिला, १९८७ मध्ये मेक्सिकोतील एन्सेनादा येथे दुसरा सुरू झाला आणि स्क्वायरचे काम कोरिया, चीन, इंडोनेशिया असे सरकत गेले. आज एकाच आराखड्याच्या तीन पायऱ्या दिसतात. तळाशी आशियातील स्क्वायर, मध्ये मेक्सिकोतील फेंडर आणि वर अमेरिकेतील फेंडर.

पैसे जातात कुठे?

पहिला फरक लाकडाचा. अमेरिकन गिटारीचे शरीर बहुधा अल्डर लाकडाचे असते, तर स्क्वायरच्या ‘अ‍ॅफिनिटी’ मालिकेत पॉप्लर वापरतात. भरीव इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर वादकांत कधीच एकमत झालेले नाही. वजन आणि दिसणे यांत मात्र फरक पडतो.

बोटे फिरतात त्या पट्टीचे लाकूड मराठी वाचकाच्या परिचयाचे निघावे. स्वस्त स्क्वायरच्या माहितीपत्रकात ‘इंडियन लॉरेल’ असा उल्लेख असतो. हा वृक्ष म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात सर्वत्र आढळणारा ऐन. महागड्या गिटारींची पट्टी मेपलची किंवा शिसवाच्या कुळातील रोजवूडची असते. २०१७ च्या जानेवारीत या कुळातील सर्व वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, तेव्हा गिटार उद्योगाने पर्यायी लाकडे शोधली आणि ऐनाला मागणी आली. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना या बंधनातून सूट मिळाली. तरीही स्वस्त गिटारींवर ऐन टिकून राहिला. कामाला तो मुळीच कमी नाही.

दुसरा फरक पिकअपचा. तारेचे कंपन विजेच्या लहरीत बदलण्याचे काम हाच भाग करतो. महाग गिटारीत प्रत्येक तारेखाली अल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा स्वतंत्र चुंबकीय खिळा असतो. स्वस्त गिटारीत बहुधा साधे पोलादी खिळे असतात आणि त्यांच्या तळाशी सिरॅमिकचे चुंबक चिकटवलेले असते. त्याचा आवाज अधिक तीक्ष्ण येतो. हा फरक कानाला जाणवतो. स्क्वायरच्याच थोड्या महाग ‘क्लासिक व्हाइब’ मालिकेत मिश्रधातूचे पिकअप मिळतात, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिसरा फरक धातूच्या सामानाचा. तारा ताणणाऱ्या खुंट्या, दांडीखालचा धातूचा ठोकळा, आवाज कमी-जास्त करणारी बटणे यांत स्वस्त गिटारीत काटकसर असते. गिटार वारंवार बेसूर होते, बटण फिरवताना खरखर येते, ती बहुधा यामुळेच.

रंगाच्या थराबाबत मात्र अनेकांचा गैरसमज असतो. महाग गिटारीवर जुन्या पद्धतीचे नायट्रोसेल्युलोज लॅकर असणारच, असे समजले जाते. प्रत्यक्षात ते प्रामुख्याने जुन्या काळाची हुबेहूब आवृत्ती असलेल्या मालिकांवर मिळते. एरवी अमेरिकन आणि आशियाई, दोन्ही गिटारींवर पॉलियुरेथेनच असते.

यंत्रानंतरचा हात

पूर्वी मान आणि शरीर यांचा आकार कारागिराच्या हातावर अवलंबून असे. आता संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र इंडोनेशियात आणि कॅलिफोर्नियात सारख्याच अचूकतेने लाकूड कापते. त्यामुळे आजची स्वस्त गिटार वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गिटारीपेक्षा कितीतरी सरस आहे.

खरे अंतर पडते ते यंत्राचे काम संपल्यानंतर. पट्टीवरचे धातूचे पडदे एका पातळीत आणणे, त्यांची टोके घासून गोल करणे, पट्टीच्या कडा बोटाला लागणार नाहीत अशा मऊ करणे, माथ्याजवळच्या आधारपट्टीत प्रत्येक तारेची खाच योग्य खोलीची कापणे ही सगळी हाताची कामे. मिरजेची सतार पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. भोपळा आणि लाकूड कितीही उत्तम असले तरी घोडीवर जवारी नीट लागली नाही तर सतार बोलत नाही. गिटारीच्या पडद्यांचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियातील कामगाराचा एक तास आणि इंडोनेशियातील कामगाराचा एक तास यांच्या मोलात जे अंतर आहे, ते ग्राहकाच्या बिलात उतरते. शिवाय माथ्यावरच्या नावाचे आणि जुनी गिटार विकताना मिळणाऱ्या भावाचेही मोल त्यात असते.

शिकणाऱ्याने काय पाहावे?

या काटकसरीची झळ सर्वाधिक बसते ती नवशिक्याला. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर बोटे दुखतात, स्वर चढा लागतो आणि दोष आपल्याच हातात आहे असे समजून मूल महिन्या-दोन महिन्यांत गिटार कोपऱ्यात ठेवते. वास्तविक हा दोष जाणत्या कारागिराकडून थोडक्यात दूर होऊ शकतो. मानेतील लोखंडी सळई पिळून मान सरळ करणे, खाचा खोल करणे, तारांची उंची जुळवणे एवढेच ते काम. म्हणून सगळे पैसे गिटारीवर न उधळता काही रक्कम या जुळवणीसाठी आणि बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

दुकानात चार गोष्टी पडताळता येतात. मानेच्या कडेवरून हात फिरवावा. पडद्यांची टोके टोचता कामा नयेत. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कुठे खरखर येते का, ते ऐकावे. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर एकच आहे का, ते तपासावे. शेवटी दांडी हलवून गिटार सुरात परतते का, ते पाहावे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे पावसाळ्यात घेतलेल्या गिटारीचे पडदे उन्हाळ्यात टोचू लागले तर ती बिघडली असे समजू नये. ते घासून घेता येतात.

पुढे पिकअप आणि खुंट्या बदलून स्वस्त गिटार सुधारता येते. मात्र सर्वच भाग बसतील असे नाही. काही स्वस्त मालिकांचे शरीर पातळ असते आणि अमेरिकन मापाचा धातूचा ठोकळा त्यात मावत नाही. खरेदीपूर्वी मोजमाप घ्यावे.

दररोज मंचावर वाजवणाऱ्या, ऐन कार्यक्रमात खुंट्या पिळणे न परवडणाऱ्या वादकासाठी अमेरिकन गिटारीचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातील फारच थोडे कामी येते. त्याच्यासाठी नीट जुळवलेली स्वस्त गिटार पुरेशी आहे आणि न जुळवलेली महाग गिटारही त्रासदायकच ठरेल. पुढे हात बसला, मान झिजली, तर लिओ फेंडरने ठेवलेले चार स्क्रू आहेतच.