फुप्फुस प्रत्यारोपणानंतरची श्वासनलिका: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुप्फुस प्रत्यारोपणात दात्याच्या फुप्फुसाची श्वासनलिका, धमनी आणि शिरा रुग्णाच्या शरीरात जोडतात. यांत सर्वांत नाजूक जोड श्वासनलिकेचा. त्याविषयीचे चार समज तपासून पाहू.

गैरसमज १: जोड बिघडला, म्हणजे टाके नीट पडले नाहीत.
वस्तुस्थिती: निष्णात सर्जनच्या रुग्णालाही हा त्रास होतो, कारण मूळ अडचण रक्तपुरवठ्याची आहे. एरवी श्वासनलिकेच्या भिंतीला महाधमनीतून निघणाऱ्या बारीक धमन्या रक्त पुरवतात. दात्याचे फुप्फुस काढताना त्या तुटतात आणि सहसा पुन्हा जोडल्या जात नाहीत. नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, जोडाजवळचा भाग फुप्फुस धमनीतून उलट येणाऱ्या, कमी दाबाच्या आणि कमी ऑक्सिजनच्या रक्तावर तगतो. म्हणूनच दात्याच्या नलिकेचे टोक शक्य तितके आखूड ठेवतात.

गैरसमज २: जोड बिघडला की रुग्ण हातचा गेला.
वस्तुस्थिती: एके काळी तसेच होते. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. पुढची जवळपास दोन दशके जोड उसवणे हे मृत्यूचे एक मोठे कारण राहिले. १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या चमूला दीर्घकाळ टिकणारे यश मिळाले. आज जोडाच्या गुंतागुंतीने दगावणाऱ्यांचे प्रमाण २ ते ४ टक्के सांगितले जाते.

गैरसमज ३: दम लागू लागला, म्हणजे शरीराने फुप्फुस नाकारले.
वस्तुस्थिती: जोडाजवळ नलिका अरुंद झाली तरी दम लागतो, छातीत घरघर होते, स्पायरोमीटरचा, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा घसरतो. ही सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत बहुधा दुसऱ्या ते नवव्या महिन्यात दिसते. नेमके कारण कळायला ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी लागते. खोकला नाही म्हणून निर्धास्त राहू नये; प्रत्यारोपणात मज्जातंतूही तुटतात, त्यामुळे जोडाखाली साचलेला कफ रुग्णाला नीट जाणवत नाही.

गैरसमज ४: स्टेंट बसवला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: अरुंद नलिका आधी फुग्याने रुंदावतात, बऱ्याचदा एकापेक्षा अधिक वेळा. तेवढ्याने भागले नाही तर स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी नळी, बसवतात. पण त्यात कफ अडकतो, जंतुसंसर्ग होतो, भोवती मांस वाढते. त्यामुळे स्टेंट बसवल्यावरही तपासण्या चालूच राहतात.

तुमचे प्रत्यारोपण झाले असेल, तर घरी रोज स्पायरोमीटरवर फुंकून आकडा वहीत लिहा. तो नेहमीपेक्षा १० टक्क्यांनी घसरला आणि तसाच राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राला कळवा.