गुलाबी बोंडअळी आणि गटातील माणूस: संघटनात्मक वर्तनशास्त्राचे विस्तारकार्याला धडे

गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनाचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. एकाच सुमारास पेरणी, कामगंध सापळे, हिरव्या बोंडांची तपासणी, फरदड न घेणे आणि हंगामानंतर पऱ्हाट्यांची विल्हेवाट या शिफारशी विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना परिचित आहेत. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर-हेग्गडदेवनकोटे या कोरडवाहू कापूसपट्ट्यालाही त्या तितक्याच लागू पडतात. तरीही २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात या किडीने मोठे नुकसान केले. तंत्र माहीत असूनही ते गावपातळीवर पूर्णपणे अमलात येत नाही, हा अनुभव विस्तार कार्यकर्त्यांना नेहमीचा आहे.

याचे एक कारण किडीच्या जीवनक्रमातच आहे. पतंग बांध ओळखत नाही. नऊ शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या काढल्या आणि दहाव्याने फरदड ठेवली, तर त्या एका शेतात पोसलेली कीड पुढील हंगामात दहाही शेतांत पोहोचते. म्हणजेच हे नियंत्रण एकट्याचे नसून गटाचे काम आहे. गटातील माणूस कसा वागतो, याचा अभ्यास व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘संघटनात्मक वर्तन’ या विषयात केला जातो. कारखाने व कार्यालये यांच्यासाठी विकसित झालेल्या या शास्त्राचा उपयोग शेतकरी गटालाही होऊ शकतो.

विषयाचा गाभा

हे शास्त्र मानवी वर्तन व्यक्ती, गट आणि संघटना अशा तीन पातळ्यांवर तपासते. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी मांडलेले सूत्र त्याच्या मुळाशी आहे: वर्तन हे माणूस आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती या दोहोंचे फलित असते. ‘शेतकरी ऐकत नाहीत’ किंवा ‘कर्मचारी काम टाळतात’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, कोणत्या रचनेमुळे ते तसे वागतात हे पाहावे, अशी या विषयाची शिकवण आहे.

गटात प्रत्येकाचा वाटा का हरवतो?

गटातील श्रमांवरील सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक कृषी क्षेत्रातलाच आहे. फ्रान्समधील कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना एकट्याने व गटाने दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले. हे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जणांनी मिळून लावलेले बळ त्यांच्या स्वतंत्र बळाच्या बेरजेच्या जवळपास निम्मेच भरले. १९७९ मध्ये बिब लॅटाने व सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणे व ओरडणे यांवर प्रयोग केले. या घटीमागे केवळ ताळमेळाचा अभाव नसून गटात माणूस प्रयत्नही कमी करतो, हे त्यांतून दिसले. प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येईल अशी व्यवस्था केली की ही घट बरीच कमी होते, हेही पुढील अभ्यासांत आढळले.

शेतकरी गटात हेच घडते. ‘गावाने सापळे लावले’ अशी नोंद झाली, की कोणी सापळे लावले, कोणी ल्यूर बदलले आणि कोणी सापळा घरातच ठेवला, हे झाकले जाते. आळशीपणाचा दोष देण्यापेक्षा प्रत्येकाचे काम दिसेल अशी सोय करणे अधिक फलदायी ठरते.

एकाचा हिशेब, सर्वांचे नुकसान

बीटी कापसाच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी दिली जात असे. आश्रय ओळींत वाढलेल्या संवेदनक्षम पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावावा, हा त्यामागील हेतू होता. परंतु अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही. एका शेतकऱ्याच्या हिशेबाने हे समजण्यासारखे आहे. नुकसान होणाऱ्या ओळी त्याच्या शेतात, लाभ मात्र सर्वांचा. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीची हीच कोंडी मांडली होती: लाभ सर्वांना मिळणार असेल, तर खर्च दुसऱ्याने करावा असे प्रत्येकाला वाटते. पुढे बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. येथे उपदेश वाढवण्याऐवजी रचना बदलली गेली.

प्रत्येक वेळी असा तांत्रिक मार्ग उपलब्ध नसतो. अशा ठिकाणी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे काम मार्गदर्शक आहे. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांनीच ते ठरवले, देखरेखही आपसांत ठेवली आणि उल्लंघनाला पायरीपायरीने दंड लावला, तर सामाईक साधने टिकतात, असे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर चालत आलेल्या फड पद्धतीत एका फडात कोणते पीक घ्यायचे हे लाभधारक एकत्र ठरवीत. पाणी देणारे पाटकरी आणि राखण करणारे जागले यांची नेमणूकही तेच करीत. फरदड मोडण्याच्या तारखेसाठी असाच गावनिर्णय झाला, तर शासकीय आवाहनापेक्षा त्याचे बळ मोठे असते.

कमी आकडा नेहमीच चांगला असतो का?

तिसरा धडा थेट कीड सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात अनपेक्षित बाब आढळली. ज्या विभागांत नेतृत्व व परस्परसंबंध चांगले होते, तेथे औषधोपचारातील चुकांची नोंद जास्त होती. तेथे चुका जास्त होत होत्या असे मानण्याचे कारण नव्हते. त्या बोलून दाखवण्याची भीती तेथे कमी होती. १९९९ मधील शोधनिबंधात त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना सविस्तर मांडली.

महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि २००९ पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. अशा कोणत्याही व्यवस्थेचा पाया म्हणजे शेतातील प्रामाणिक निरीक्षण. सलग तीन दिवस प्रति सापळा प्रतिदिन ८ पतंग, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी २ बोंडांत जिवंत अळी, ही आर्थिक नुकसानीची पातळी कागदावर स्पष्ट आहे. परंतु जास्त आकडा लिहिणाऱ्याच्या वाट्याला खुलासे व दूषणेच येत असतील, तर आकडे पातळीच्या आतच राहू लागतील. मग सल्ला उशिरा निघेल आणि त्याची किंमत शेतकरी मोजेल. त्यामुळे सतत शून्य कळवणाऱ्या गावाकडे समाधानाने पाहण्यापूर्वी तेथे प्रत्यक्ष बोंडे फोडून पाहिली जातात का, याची खात्री करावी.

सरगूर: नियमाकडून भूमिकेकडे

सरगूर परिसर संघटनेच्या अभ्यासासाठीही महत्त्वाचा आहे. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी मित्रांसह १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था स्थापन केली. या भागातील विस्थापित आदिवासींमध्ये रुग्णसेवेने सुरू झालेले काम शिक्षण, उपजीविका व नेतृत्व प्रशिक्षणापर्यंत विस्तारले. संस्थेचे विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल सरगूरमध्येच आहे. औषध लिहून देण्यापुरते काम मर्यादित न ठेवता, आरोग्य ज्या बाबींवर अवलंबून असते तेथवर जबाबदारी विस्तारणे, असा या वाटचालीचा अर्थ लावता येतो.

२०२१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राच्या क्षमता विकास आयोगावर डॉ. बालसुब्रमण्यम यांची सदस्य म्हणून नियुक्ती झाली. हा आयोग २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’चा भाग आहे. शासकीय मनुष्यबळाचे व्यवस्थापन नियमाधारित न ठेवता भूमिकाधारित करणे, हे या मिशनचे सूत्र आहे. विस्तारकार्यात ‘किती सापळे वाटले’ हा नियमाचा प्रश्न झाला. ‘किती शेतांत कीड पातळीखाली राहिली’ हा भूमिकेचा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• मोठ्या गटात बांधाला बांध लागून असलेल्या पाच-सात शेतकऱ्यांचे उपगट करावेत.
• सापळ्यांतील पतंगांची शेतनिहाय नोंद गावातील फलकावर लावावी.
• पेरणीचा कालावधी व फरदड मोडण्याची तारीख गटानेच ठरवावी आणि तिची नोंद ठेवावी.
• अडचण असलेल्या शेतकऱ्याला मजूर किंवा श्रेडर मिळवून देण्याची जबाबदारी गटाने घ्यावी. दंडाचा विचार त्यानंतर.
• जास्त प्रादुर्भाव कळवणाऱ्याकडे सर्वप्रथम मदत पोहोचावी. खुलाशाची मागणी नव्हे.
• मासिक बैठकीत ‘काय वाटले’ याआधी ‘काय आढळले’ हे विचारावे.

यांपैकी बहुतेक बाबींना मोठा खर्च लागत नाही. हंगामाच्या पहिल्या बैठकीत शिफारशी वाचून दाखवण्यापूर्वी, त्या कोण, कधी व कोणासमोर पार पाडणार हे ठरले, तर त्याच शिफारशींचा परिणाम अधिक शेतांत दिसू शकेल.