हनुवटीविना व्हायोलिन

बरोक व्हायोलिन म्हणजे साधारणपणे १६०० ते १७५० या काळात युरोपात वाजत होते त्या घडणीचे व्हायोलिन. लांबून पाहिले तर ते आजच्या व्हायोलिनहून फारसे निराळे वाटत नाही. पण त्याच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या असतात, मान कमी कललेली असते, हनुवटी टेकवायची पट्टी नसते आणि गज टोकाकडे हलका, बाहेरच्या अंगाला किंचित फुगलेला असतो. एकोणिसाव्या शतकात सभागृहे मोठी झाली, जोरकस आवाज हवासा झाला आणि जुनी वाद्ये उघडून त्यांच्या माना बदलण्यात आल्या. विख्यात कारागीर स्ट्रॅडिव्हेरीची व्हायोलिनेही यातून सुटली नाहीत. बाख किंवा कोरेली यांचे संगीत त्यांच्या काळच्या वाद्यांवर, त्यांच्या काळच्या रीतीने वाजवायचे असा ध्यास विसाव्या शतकात काही वादकांनी घेतला आणि व्हायोलिनवादकांपुढे पोटापाण्याची एक नवी, खडतर वाट उघडली.

व्हिएन्नात निकोलाउस आणि अ‍ॅलिस हार्नोनकोर्ट या दांपत्याने १९५३ मध्ये ‘कॉन्सेन्टस म्युझिकस’ हा संच सुरू केला. पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो थेट १९५७ मध्ये. मधली चार वर्षे नुसती तालीम आणि शोध चालला होता, कारण शिकवणारा गुरू कुठेच नव्हता. परंपरा तुटली होती. हाती होती ती जुनी वाद्ये, हस्तलिखिते आणि जेमिनियानी (१७५१) व लिओपोल्ड मोझार्ट (१७५६) यांच्यासारख्यांनी लिहिलेले व्हायोलिनवादनाचे ग्रंथ.

या वाटेवर सर्वांत धाडसी पाऊल टाकले ते बेल्जियमच्या सिगिसवाल्ड कॉइकन यांनी. त्यांचा जन्म १९४४ मध्ये ब्रुसेल्सजवळ झाला. थोरले भाऊ वीलंट व्हिओला द गाम्बा आणि चेलो वाजवत, धाकटे बार्टोल्ड बासरी. ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयातले शिक्षण १९६४ मध्ये संपवून सिगिसवाल्ड ‘अलारियस’ या छोट्या संचात वाजवू लागले. १९६९ च्या सुमारास त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली दाबून धरणे सोडून दिले. वाद्य खांद्यावर नुसते टेकवायचे, हनुवटी मोकळी ठेवायची, अशी जुन्या रीतीची पकड त्यांनी स्वीकारली.

ऐकायला ही बाब किरकोळ वाटते, पण तिने सगळे वादन बदलते. हनुवटीने वाद्य पक्के धरलेले असले की डावा हात पट्टीवर वर-खाली हवा तसा धावतो. हनुवटी काढली की तोच हात वाद्याला आधारही देतो. वरच्या स्वरांवरून खाली येताना वाद्य निसटू पाहते, म्हणून हात सरकत नाही, अंगठ्याच्या आधाराने थोडा थोडा मागे रांगतो. साहजिकच वादक खालच्या जागी जास्त राहतो आणि मोकळ्या तारा अधिक वाजतात. स्वराचे कंपन सतत चालू न राहता अलंकारासारखे मोजक्या जागी येते. भावनेचा भार मग गजावर पडतो. गज खाली ओढताना स्वर वजनदार आणि वर ढकलताना हलका निघतो. प्रत्येक स्वर किंचित फुगून विरतो, आणि संगीत बोलल्यासारखे वाटू लागते. मराठी श्रोत्यांना यातला मूळ प्रश्न ओळखीचा वाटेल. पं. डी. के. दातार बसत तसे आपले व्हायोलिनवादक मांडी घालून बसतात आणि व्हायोलिन छाती व पाऊल यांच्यामध्ये टेकवतात. त्यामुळे हनुवटीशिवायही हात मींडेसाठी पूर्ण मोकळा राहतो. उभ्याने वाजवणाऱ्या बरोक वादकाला ती सोय नाही.

१९७२ मध्ये कॉइकन यांनी ‘ला पतीत बांद’ हा वाद्यवृंद उभा केला. नाव घेतले ते चौदाव्या लुईच्या दरबारातला संगीतकार ल्युली याच्या वादकसंचावरून. केवळ एका ध्वनिमुद्रणासाठी जमलेला हा वृंद पुढे कायमचा झाला. पुढच्या काळात बाखच्या कँटाटा (गायन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) ध्वनिमुद्रित करताना कॉइकन यांनी मोठा गायकवृंद टाळून प्रत्येक भागाला एकच गायक ठेवला. या काटकसरीमुळे बाखच्या रचनेतला प्रत्येक धागा सुटा ऐकू येतो, आणि तोच त्या ध्वनिमुद्रणांचा खरा लाभ आहे.

अशा संचातल्या वादकाचे जगणे सिम्फनी वृंदातल्या पगारी वादकापेक्षा वेगळे असते. बहुतेकांना कायमची नोकरी नसते. चार दिवस तालीम, मग दौरा, कधी ध्वनिमुद्रण, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात दुसरा संच, असा क्रम चालतो. अनेकदा निर्देशक नसतोच. प्रमुख व्हायोलिनवादक स्वतः वाजवत मान आणि गजाच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना घेऊन जातो. सुराची पट्टीही एक नसते. आज वृंदात मधला ‘ए’ साधारण ४४० कंपनांवर लावतात, बरोक संचात बहुधा ४१५ वर, म्हणजे अर्धा स्वर खाली, आणि फ्रेंच संगीतासाठी त्याहूनही खाली. आतड्याच्या तारा दमट हवेत आणि दिव्यांच्या उष्णतेत लगेच बेसूर होतात, त्यामुळे दोन रचनांच्या मध्ये वाद्य लावावे लागते, आणि तार तुटण्याची तयारी ठेवावी लागते.

या व्यवसायात शरीरही पणाला लागते. १९७३ मध्ये ‘म्युझिका अँटिका कोल्न’ स्थापन करणारे जर्मनीचे राइनहार्ड गोबेल यांच्या डाव्या हाताच्या बोटांवरचा ताबा १९९० च्या सुमारास गेला. त्यांनी हात बदलले. गज डाव्या हातात घेऊन, उजव्या हाताने तारा दाबत ते पुन्हा वाजवायला शिकले आणि संचाचे नेतृत्व करत राहिले.

बहुतेक बरोक वादकांना अध्यापनाचा आधार लागतो, आणि या परंपरेलाही तोच मिळाला. कॉइकन यांनी १९७१ ते १९९६ अशी पंचवीस वर्षे नेदरलँड्समधल्या हेगच्या शाही संगीत विद्यालयात बरोक व्हायोलिन शिकवले. त्यांचे एक शिष्य र्‍यो तेराकादो जपानमध्ये १९९० साली स्थापन झालेल्या ‘बाख कॉलेजियम जपान’चे प्रमुख व्हायोलिनवादक झाले. १९५० च्या दशकात ज्या विद्येला गुरू नव्हता, ती आज युरोपातल्या अनेक संगीत विद्यालयांत स्वतंत्र विषय म्हणून शिकता येते.