वजन उतरवितांना पाय घसरला तर

वजन कमी करण्याचा निश्चय करणारीं माणसें पुष्कळ आढळतात, आणि पहिला पंधरवडा तो निश्चय बहुतेकांच्या हातून पाळलाहि जातो. खरी परीक्षा त्यापुढें असते. उतरता काटा एकाएकीं एका आंकड्यावर थबकतो. लग्नसराई किंवा दिवाळी येते, आठ दिवस सारे नियम बाजूला राहतात, आणि मोठ्या कष्टानें उतरविलेल्या चार किलोग्रॅमांपैकीं दोन परत अंगावर बसलेले दिसतात. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी थट्टा करतात, शेजारीण एखादा नवा काढा सुचविते, आणि तो मनुष्य स्वतःस दुबळ्या मनाचा ठरवून सगळाच उद्योग सोडून देतो. हा दोष मनाच्या माथीं मारण्याची समाजांत रूढीच पडली आहे. शरीरशास्त्राचा निकाल मात्र निराळा आहे.

या विषयांत ज्याचें नांव प्रथम घ्यावें असा गृहस्थ म्हणजे लंडनचा विल्यम बँटिंग. त्याच्या घराण्याची पेढी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारी. राजघराण्यांतील अंत्ययात्रांचें काम तिच्याकडे असे, व १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेची तयारी तिनेंच केली होती. बँटिंगची उंची सुमारें पांच फूट पांच इंच, आणि १८६२ सालच्या ऑगस्टांत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळ जवळ ९२ किलोग्रॅम होतें. बुटाची नाडी स्वतः बांधणें त्याला जमत नसे, आणि गुडघ्यांवर भार येऊं नये म्हणून जिना तो पाठमोरा, हळू हळू उतरे.

हा मनुष्य आळशी होता काय? मुळींच नव्हे. वजन वाढूं लागलें तेव्हां तो ऐन उमेदींत होता. एका वैद्यमित्राच्या सल्ल्यानें त्यानें पहाटे उठून दोन दोन तास जड होडी वल्हविण्यास आरंभ केला. हातांत बळ आलें, परंतु त्याबरोबर भूकहि अशी खवळली कीं, वजन उतरण्याऐवजीं वाढलें आणि अखेर त्याच मित्रानें होडी सोडावयास लाविली. पुढें समुद्रस्नान झालें, पायीं चालणें झालें, घोड्यावर बसणें झालें, लेमिंग्टन, चेल्टनहॅम व हॅरोगेट येथील झऱ्यांचें पाणी पिऊन झालें, औषधें झालीं. तुर्की पद्धतीचीं बाष्पस्नानें त्यानें कित्येक घेतलीं. त्यांनीं उतरले ते अवघे सहा पौंड. अशा रीतीनें उण्यापुऱ्या तीस वर्षांचें अपयश गांठीं बांधून तो शेवटीं बहिरेपणाच्या तक्रारीसाठीं विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या शस्त्रवैद्याकडे गेला. या हार्वेनें पॅरिसमध्यें क्लॉद बर्नार याचीं मधुमेहावरील व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्यानें कानापेक्षां अंगावरील मेदाकडे अधिक लक्ष दिलें, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे हे पदार्थ वर्ज्य करावयास सांगितलें. वर्षभरांत बँटिंग १५६ पौंडांवर आला. १८६३ सालीं त्यानें आपली हकीकत स्वतःच्या खर्चानें छापून लोकांस फुकट वांटली. तिचा गाजावाजा इतका झाला कीं, इंग्रजींत त्याच्या आडनांवाचें क्रियापद बनलें, आणि स्वीडिश भाषेंत वजन घटविण्यास अजूनहि त्याच नांवावरून आलेला शब्द वापरतात. पुढें १८७८ सालीं, ८१ वर्षांचा होऊन, तो वारला.

त्याच्या ताटांत मांस भरपूर होतें आणि मद्याचीहि मोकळीक होती. तें ताट जसेंच्या तसें मराठी स्वयंपाकघरांत आणण्याचें कारण नाहीं. त्याच्या पुस्तिकेंतील खरा बोधप्रद भाग म्हणजे शेवटीं दिलेलें वजनाचें कोष्टक. ४६ पौंड उतरावयास त्याला वर्ष लागलें. म्हणजे आठवड्यास पौंडभरहि सरासरी पडत नाहीं. आणि नोंदी आहेत त्या बहुधा तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें. इतक्या अंतराच्या नोंदींत रोजचे चढउतार दिसतच नाहींत; म्हणून तें कोष्टक पायऱ्या उतरल्यासारखें शांतपणें खालीं येतें. आज घरोघरीं विजेचे कांटे आले आहेत, ते शंभर ग्रॅमांचा फरक दाखवितात, आणि त्या शंभर ग्रॅमांवर मनुष्याचा सारा दिवस सुखाचा कीं दुःखाचा तें ठरूं लागलें आहे.

वास्तविक हे चढउतार मेदाचे नसतातच. शरीर पिष्टमय अन्नाचा कांहीं सांठा यकृतांत व स्नायूंत ग्लायकोजन या रूपानें ठेवतें, आणि या सांठ्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. आहार कमी केला कीं प्रथम हा सांठा खर्च होतो व त्याबरोबर पाणीहि जातें. पहिल्या आठवड्यांत दोन-तीन किलोग्रॅम उतरल्याचा जो आनंद होतो, त्यांतील मोठा वांटा या पाण्याचा असतो. उलट, लग्नाच्या पंक्तींत जिलबी, मसालेभात आणि खारट लोणचें-पापड झाले कीं सांठा भरतो, मिठामुळें पाणी अडतें, आणि दुसऱ्या दिवशीं कांटा दीड किलोग्रॅमानें वर जातो. हा दीड किलोग्रॅम मेद आहे असें मानणें गणिताला धरून नाहीं. एक किलोग्रॅम मेद म्हणजे सुमारें ७,७०० उष्मांक. ज्याचा रोजचा खर्च २,००० उष्मांकांचा आहे, त्याला एका दिवसांत एवढा मेद चढवावयाचा तर सुमारें पांच दिवसांचें जेवण एका दिवसांत जेवावें लागेल. पैजेनें जेवणारे जुने खवय्ये सोडले तर हें कोणाला साधणार? तीन-चार दिवस नेहमीचें जेवण झालें कीं यांतील बराचसा भार आपोआप उतरतो. स्त्रियांच्या बाबतींत मासिक पाळीच्या आधींहि असेंच पाणी सांठतें. म्हणून त्यांनीं या आठवड्याची तुलना मागील महिन्याच्या त्याच आठवड्याशीं करणें अधिक न्याय्य होय.

दुसरा अडथळा याहून खोल आहे. पथ्य मोडलेलें नसतें, चालणें चुकलेलें नसतें, तरी पांच-सहा महिन्यांनीं वजन एका जागीं ठाण मांडून बसतें. याचें एक कारण सरळ आहे : ९० किलोग्रॅमांच्या देहास चालवावयास जेवढी शक्ति लागते, तेवढी ८० किलोग्रॅमांच्या देहास लागत नाहीं. जें ताट पहिल्या महिन्यांत तुटीचें होतें, तेंच आतां बरोबरीचें झालेलें असतें. परंतु इतकेंच कारण नाहीं. शरीर तूट ओळखतें आणि आपला खर्च त्या हिशेबाहूनहि अधिक आंखडतें.

याचा प्रसिद्ध पुरावा अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमारीनें खंगलेल्या लोकांस पुन्हां अन्नावर कसें आणावें हें ठरविण्यासाठीं अँसेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ निरोगी तरुणांस चोवीस आठवडे अर्ध्या पोटीं ठेविलें. हे सगळे सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र हातीं धरावयास नकार दिलेले स्वयंसेवक होते. तेव्हां त्यांच्या मनोनिग्रहाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें, आणि स्वस्थ पडून असतांना शरीर जी शक्ति खर्चतें ती सुमारें चाळीस टक्क्यांनीं खालीं आली. मनाची गत तर विलक्षणच झाली. ध्यानीं मनीं अन्न. कोणी पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागला, कोणी च्युइंगमच्या पुड्यांमागून पुड्या चघळूं लागला. पुढें पोटभर अन्न मिळूं लागल्यावरहि कित्येकांची भूक भागेना. हीं माणसें लठ्ठ नव्हतीं, हें खरें. परंतु भुकेचा आणि संयमाचा संबंध किती शारीरिक आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें.

या यंत्रणेचीं कांहीं नांवें पुढें कळलीं. मेदाच्या पेशींतून लेप्टिन नांवाचें द्रव्य स्रवतें व मेंदूस सांठ्याची वर्दी देतें, हें १९९४ सालीं उघड झालें. भूक जागविणारें, जठरांतून स्रवणारें ग्रेलिन १९९९ सालीं सांपडलें. वजन उतरलें कीं पहिलें घटतें व दुसरें वाढतें, आणि हा फरक वर्ष उलटलें तरी पुरता मिटत नाहीं. अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर वजन घटविण्याची एक चढाओढ चाले. तींतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तिचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सरासरी ५८ किलोग्रॅम उतरविलेल्या या मंडळींच्या अंगावर ४१ परत आले होते, आणि तरीहि त्यांचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षां रोज सुमारें ५०० उष्मांकांनीं कमीच होता. हल्लीं गाजत असलेल्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांची गोष्टहि याहून वेगळी नाहीं. तें औषध भूक मंदावतें व वजन खरोखर उतरवितें. परंतु २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, औषध थांबविल्यावर एका वर्षांत उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. मनाच्या दुबळेपणाचा आरोप औषधावर तर कोणी करणार नाहीं!

चरकानें या गोष्टीची नोंद फार पूर्वीं केली आहे. सूत्रस्थानांत अतिस्थूल मनुष्याचें वर्णन करतांना, मेदानें मार्ग अडल्यामुळें कोठ्यांतील वायु अग्नि प्रदीप्त करतो व म्हणून अशा माणसाची भूक अनावर होते, असें तो सांगतो. आणि फार कृश व फार स्थूल यांत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अवघड, असाहि त्याचा अभिप्राय आहे. उपपत्ति जुनी असेल, पण रोग्यास खादाड म्हणून न हिणवतां त्याच्या भुकेचें कारण देहांत शोधण्याची दृष्टि तींत आहे.

मन या प्रकरणांत अगदींच निर्दोष आहे असें मात्र नव्हे. त्याचा दोष खाण्यांत थोडा आणि खाल्ल्यानंतरच्या विचारांत फार असतो. पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा मार्मिक आहे. कांहीं विद्यार्थिनींस आधीं दुधाचें गोड पेय पाजून, कांहींस न पाजतां, पुढ्यांत आईस्क्रीम ठेवून चव सांगावयास सांगितलें. ज्या खाण्यावर बंधन घालीत नव्हत्या, त्यांनीं पेय प्याल्यावर आईस्क्रीम कमी खाल्लें. ज्या नेहमीं पथ्य सांभाळणाऱ्या, त्यांनीं पेय पोटांत गेल्यावर उलट अधिक खाल्लें! पथ्य मोडलेंच आहे, मग राहिलें काय, हा तो विचार. बुडत्याचा पाय खोलांत जातो तो असा. एका करंजीचें नुकसान थोडें असतें. करंजी खाल्ल्यावर 'आतां सोमवारपासून पाहूं' असें म्हणून मधल्या चार दिवसांचें जें होतें, तें मोठें.

म्हणून घसरल्यावर करावयाचें तें इतकेंच कीं, पुढचें जेवण नेहमीसारखें जेवावें. सोमवारची किंवा पाडव्याची वाट पाहूं नये. प्रायश्चित्त म्हणून निर्जळी उपास करणें तर साफ चूक. त्या उपासानें सायंकाळीं भूक दुप्पट होते, आणि महाराष्ट्रांत उपास म्हटला कीं साबूदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी व तळलेले बटाट्याचे पापड हे आलेच. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण घरोघरच्या अनुभवांतूनच निघाली आहे. चरकानेंच दुसऱ्या एका ठिकाणीं वाईट संवयी चतुर्थांशा-चतुर्थांशानें सोडण्याचा क्रम सांगितला आहे. तीन पोळ्या खाणाऱ्यानें एकदम भाकरीच्या तुकड्यावर येण्यापेक्षां, आधीं चहाची साखर निम्मी करावी, महिन्यानें रात्रीच्या भाताची मूद लहान करावी, वरण व उसळ मात्र वाढवावी. म्हणजे पोट भरतें व स्नायूंचा ऱ्हासहि होत नाहीं.

अमेरिकेंत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवलेली आहे, ज्यांनीं निदान १३.६ किलोग्रॅम वजन उतरवून वर्षभर तरी तें राखलें आहे. त्यांतील बहुतेकांनीं पूर्वीं अनेकदां प्रयत्न करून अपयश घेतलेलें होतें, ही गोष्ट निराश झालेल्यांस सांगण्यासारखी आहे. त्यांच्या संवयींत चमत्कारिक असें कांहीं नाहीं : आठवड्यास एकदां तरी वजन पाहणें, सकाळची न्याहारी न चुकविणें, रोज सुमारें तासभर चालण्यासारखा व्यायाम. वजन राखण्याचें काम उतरविण्याच्या कामाइतकेंच कष्टाचें आहे, आणि त्याचें कौतुक करावयास कोणी येत नाहीं.

कांहीं वेळां अडथळ्याचें मूळ रोगांत किंवा औषधांत असतें. थायरॉइड ग्रंथि मंदावली असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालूं असतील, मधुमेहासाठीं इन्शुलिन घ्यावें लागत असेल, तर पथ्य कडक करण्याआधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. दोन-तीन दिवसांतच दोन किलोग्रॅम वाढले, पायांवर सूज आली आणि धाप लागूं लागली, तर तो प्रश्न आहाराचा नसून हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असूं शकतो. तेथें वेळ दवडतां कामा नये.

कांट्यावरील श्रद्धाहि थोडी आंवरावयास हवी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं, आपल्या इंग्रज सहकाऱ्याबरोबर, दोघांचें छायाचित्र व आंकडे प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु इंग्रजाच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! भारतीय देह बारीक दिसूनहि पोटाशीं मेद बाळगतो, म्हणून येथें कमरेचा घेर पाहणें अधिक महत्त्वाचें : पुरुषांस ९० सेंटीमीटर व स्त्रियांस ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानलेली आहे. खालची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, फीत न आवळतां घेर मोजावा. ज्या महिन्यांत कांटा हलत नाहीं, त्या महिन्यांत ही फीत एखादा सेंटीमीटर आंत आलेली पुष्कळदां आढळते.