एका पाकिटातली तीन औषधे



कुष्ठरोगाच्या गोळ्या देताना मेळघाटातल्या गावांत मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "सिस्टर, ही औषधं कशापासून बनवतात?" भुमकाने दिलेली मुळी कोणत्या झाडाची हे घरच्यांना ठाऊक असते. दवाखान्यातली गोळी कुठून आली हे मात्र कुणी सांगत नाही. मग चट्टा फिका पडला की गोळ्या बंद होतात. म्हणून या अंकात त्या गोळ्यांचा उगम सांगते.

कुष्ठरोग हा शाप नव्हे की पापाचे फळ नव्हे; तो जंतूने होतो. नॉर्वेतील डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. त्याची वाढ फार संथ. एकाचे दोन व्हायला साधारण बारा-चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत तो वाढतच नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवता आला, तेव्हा कुठे त्यावर कोणते औषध चालते हे नीट तपासता येऊ लागले.

त्याआधीचे औषध झाडाचेच होते. आपल्या सह्याद्रीतले कडू कवठ आणि त्याच कुळातला चालमोगरा यांच्या बियांचे तेल रुग्णांना देत. पोटात घेतले तर मळमळे, टोचले तर गाठी येत, आणि गुण थोडाच. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन सुरू केले, त्या सुमारास खात्रीचे औषध नुकते हाती येत होते.

ते औषध म्हणजे डॅप्सोन. जर्मनीतील रसायनतज्ज्ञांनी ते १९०८ मध्येच तयार केले होते, पण त्याचा औषधी उपयोग तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. १९४० च्या दशकात ते कुष्ठरोगावर चालते असे दिसले. आपल्या देशात मद्रासजवळ चिंगलपट येथे मिशनचे डॉ. कॉक्रेन यांनी ते सुरुवातीलाच वापरून पाहिले.

दुसरे औषध क्लोफाझिमिन. आपण मसाल्यात दगडफूल टाकतो ना? तसल्याच एका दगडफुलातील पदार्थावर आयर्लंडमध्ये डॉ. बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयरोगासाठी काम करत होते. त्या शोधातून १९५० च्या दशकात हे लाल रंगाचे औषध निघाले आणि उपयोगी पडले ते कुष्ठरोगाला.

तिसरे रिफाम्पिसिन. त्याचा उगम मातीत आहे. १९५७ मध्ये फ्रान्समधील मातीच्या नमुन्यात एक सूक्ष्म जीव सापडला. तो जो पदार्थ तयार करतो, त्यात सुधारणा करून इटलीतील प्रयोगशाळेने हे औषध बनवले. तिघांत हेच सर्वांत जोरकस.

मग एकच का देत नाहीत? कपाशीवर तोच फवारा पुन्हा पुन्हा मारला की कीड दाद देत नाही, हे अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. डॅप्सोनचे तसेच झाले. वर्षानुवर्षे ते एकटे दिले गेले आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जंतू आढळले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. यालाच एमडीटी म्हणतात. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो.

उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. महिन्याचा पहिला डोस कार्यकर्त्यासमोर घ्यायचा, बाकी गोळ्या रोज घरी. त्या दिवशी लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, रिफाम्पिसिनचा रंग. क्लोफाझिमिनने कातडी काळपट होते. औषध संपल्यावर काही महिन्यांत ती हळूहळू पूर्ववत होते. एवढ्यावरून गोळ्या सोडू नका. मात्र अंगावर पुरळ आणि ताप, डोळे पिवळे होणे, फार थकवा किंवा धाप लागणे, असे काही दिसले तर लगेच दवाखान्यात या. नसा दुखू लागल्या, हातापायातला जोर कमी झाला, तरीही थांबू नका. वेळेवर उपचार झाला तर अपंगत्व टळते.

धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात असा की अकोट-तेल्हाऱ्याच्या पायथ्याशी, ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालयही आहे. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना धोका राहत नाही. त्याला वेगळे ताट, वेगळी खाट कशाला? प्रभू येशूने अशा माणसाला हात लावला, तेव्हा यातले एकही औषध नव्हते. आज तिन्ही आपल्या हातात आहेत. शेजाऱ्याचे पाकीट संपेपर्यंत त्याला रोज आठवण करून देणे, एवढी सेवा आपल्यापैकी कुणालाही करता येईल.